कोळंबीचा रोग आधी कसा ओळखावा?

कला शाखेच्या अंकात कोळंबीचे काय काम, असे कुणी विचारील. ताटातल्या कोळंबीवर आपण सारेच अधिकाराने बोलतो. मात्र कर्ज काढून जो तिची शेती करतो, त्याचे वर्षाचे गणित एका विषाणूपायी आठवड्याभरात कसे कोलमडते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

हा विषाणू ‘पांढरे ठिपके’ रोगाचा. १९९२-९३ साली तो पूर्व आशियात आढळला आणि १९९४ च्या सुमारास भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील तळ्यांत पोहोचला. कोळंबी खाणे सोडते, बांधाच्या कडेला घुटमळते, अंग तांबूस पडते, कवचावर पांढरे ठिपके उमटतात; आणि तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे! औषध नाही.

मग ठिपके पाहून सावध व्हावे, असे आपल्याला वाटेल. पण ठिपके दिसतात तेव्हा वेळ गेलेली असते. शिवाय असे ठिपके जीवाणूंमुळेही येतात, आणि बाधित कोळंबीवर ते दिसतीलच असेही नाही. माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे पाहून रोग ओळखता येतो. कोळंबीच्या शरीरात तशी प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. तेव्हा शोधायचे ते खुद्द विषाणूलाच.

येथे मदतीला आली ती पीसीआर चाचणी. करोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले, पण कॅरी म्युलिस यांना ती कल्पना सुचली १९८३ साली. विषाणूच्या डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे करायचे, प्रत्येकाची जोडी नव्याने जुळवायची, की एकाचे दोन झाले. पुन्हा तेच केले की चार. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवावी! तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे सुमारे १०७ कोटी होतात. त्यातूनही निसटू पाहणारा विषाणू दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सापडतो. मादीच्या पोहण्याच्या पायाचा छोटा तुकडा यासाठी पुरतो, तिला मारावे लागत नाही. बीज थोडे मोठे असेल तर त्याचे डोळे आधी काढून टाकतात, कारण त्यांतील द्रव्य चाचणीत अडथळा आणते.

खरी मेख पुढेच आहे. तळ्यात सोडायचे बीज असते लाखांनी, तपासायचे किती? दीडशे तपासले आणि शंभरात दोन बाधित असतील, तर रोग सापडण्याची शक्यता ९५ टक्के. परंतु दोनशेत एकच बाधित असेल, तर तेवढ्याच नमुन्यातून तो निसटण्याची शक्यता जवळजवळ निम्मी! मग ‘रोग आढळला नाही’ असे लिहिलेल्या कागदाचा अर्थ ‘रोग नाही’ असा कसा घ्यायचा? म्हणून जाणकार आधी मादी तपासतात, तीही अंडी घातल्यानंतर. कारण त्या ताणात दडलेला विषाणू वाढून हाती लागतो.

आणि बीज निर्दोष निघाले तरी खेकडे आहेतच. ते स्वतः बहुधा मरत नाहीत, विषाणू मात्र वाहून नेतात. त्यांच्यासाठी बांधाभोवती जाळीचे कुंपण घालतात. पण ज्याचे तळे बसले, त्याने तेथील पाणी क्लोरीन न घालता तसेच खाडीत सोडले, तर भरतीबरोबर तेच पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात शिरते.