पाळक, मंडळी आणि मनाचें दुखणें

लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेंत, नगराध्यक्षांच्या वाड्याला लागून, सेंट स्टीफन वॉलब्रुक या नांवाचें एक प्रार्थनामंदिर आहे. १६६६ सालच्या आगींत तेथील मूळचें देऊळ जळाल्यावर सर ख्रिस्तोफर रेन या विख्यात शिल्पज्ञानें हें नवें उभारलें. सेंट पॉलच्या जगप्रसिद्ध घुमटाआधीं त्यानें आपली घुमटाची कल्पना येथें अजमावून पाहिली, असें जाणकार मानतात. या घुमटाइतक्याच आदरानें दाखविली जाणारी दुसरी एक वस्तु त्या मंदिरांत आहे, आणि ती दिसावयास अगदींच सामान्य आहे. कांचेच्या पेटींत जपून ठेवलेला तो एक जुना टेलिफोन होय.

धर्ममंदिरांत टेलिफोनाची अशी जपणूक कां व्हावी, हें समजण्यासाठीं १९३५ सालापर्यंत मागें गेलें पाहिजे. त्या वर्षीं लिंकन येथें चॅड व्हारा नांवाच्या एका तरुण धर्मोपदेशकाच्या हातून जो पहिला अंत्यविधि झाला, तो एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिला ऋतु प्राप्त झाला होता. परंतु हा प्रकार काय आहे, हें तिला कोणींच सांगितलें नव्हतें. आपणांस कांहीं लाजिरवाणा रोग जडला अशा समजुतीनें तिनें आपल्या आयुष्याचा अंत केला. दोन वाक्यांत जिला निर्धास्त करतां आलें असतें, त्या मुलीला विचारण्याजोगें एकहि माणूस भेटूं नये, ही गोष्ट व्हारा यांच्या मनाला कायमची लागून राहिली. ज्या विषयांवर पाद्र्यांनीं बोलूं नये असा त्या काळचा संकेत होता, त्या विषयांवर ते तरुण मुलामुलींशीं उघडपणें बोलूं लागले. पुढें १९५२ मध्यें एका सचित्र साप्ताहिकांत त्यांचा याच विषयावरील लेख प्रसिद्ध झाला, तेव्हां उत्तरादाखल पत्रांचा ढीग पडला. त्यांत जगण्याचा कंटाळा आल्याचें लिहिणारींहि पत्रें होतीं. लंडन शहरांत दररोज तीन माणसें आत्महत्या करतात, असेंहि त्यांच्या वाचनांत आलें होतें. आग लागली तर बंबवाल्यांना बोलवावयास टेलिफोनचा एक ठराविक आंकडा आहे. जीव नकोसा झालेल्या माणसानें मात्र कोणाला हांक मारावी?

१९५३ साली व्हारा यांच्याकडे वॉलब्रुकचें देऊळ आलें. भोंवतालीं सगळ्या पेढ्या आणि कचेऱ्या. वस्तीला माणसें थोडीं. अशा ठिकाणच्या पाद्र्याला फुरसत भरपूर असते, आणि व्हारा यांना तीच हवी होती. त्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या २ तारखेस देवळांतील टेलिफोनवर पहिली हांक आली. डिसेंबरांत एका दैनिकानें या उपक्रमाला दयाळू शोमरोन्याची उपमा दिली, आणि तेंच नांव त्याला पुढें कायमचें चिकटलें. इंग्रजी भाषेंत शोमरोन्याला समॅरिटन म्हणतात. तेव्हां संस्थेचें नांव समॅरिटन्स असें पडलें. आत्महत्येचा प्रयत्न हा त्या काळीं इंग्लंडांत गुन्हा होता, आणि १९६१ च्या कायद्यानें तो रद्द होईपर्यंत तसाच राहिला, हें येथें ध्यानांत ठेवलेलें बरें. हांक मारणाऱ्याला केवळ लाजच नव्हे, तर पोलिसांचीहि धास्ती असे.

येथपर्यंतची हकीगत एका कळवळ्याच्या पाद्र्याची आहे, आणि असे पाद्री इतरत्रहि झाले आहेत. खरी ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट यानंतर घडली, आणि ती योजून घडलेली नव्हती.

वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाल्यावर हांकांची आणि भेटीला येणाऱ्यांची दाटी होऊं लागली. व्हारा एकटे. मानसशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता, आणि दुःखिताशीं बोलण्याचें काम आपलेंच, असें त्यांनीं धरलें होतें. मदतीला म्हणून कांहीं साधीं माणसें आपण होऊन आलीं. दार उघडावें, टेलिफोन घ्यावा, बाहेरच्या खोलींत पाळीची वाट पाहत बसलेल्यांना चहा द्यावा, एवढेंच काम त्यांच्याकडे होतें. पण माणूस चहा पितां पितां गप्प बसत नाहीं. समोरचा लक्ष देऊन ऐकत आहे असें दिसलें, कीं तो बोलूं लागतो. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षांत आलें, कीं कित्येक जण बाहेरच बोलून मोकळे होतात आणि आंतल्या खोलींत येण्याची गरजच त्यांना उरत नाहीं. कांहींना त्यांच्या सल्ल्याची जरूर पडे. फारच थोड्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावें लागे. पण बहुतेकांचें काम होऊन जात होतें तें बाहेर, चहाच्या पेल्यापाशीं.

अशा वेळीं विद्वान माणसाचा अभिमान दुखावला असता तर नवल नव्हतें. आपली खुर्ची सोडणें सर्वांनाच जड जातें, आणि धर्मपीठाची खुर्ची तर त्याहूनहि जड असते. व्हारा यांनीं मात्र १९५४ च्या फेब्रुवारींत टेलिफोन उचलण्याचें काम या स्वयंसेवकांच्याच हवालीं केलें, आणि स्वतःकडे ठेवलें तें त्यांची निवड करणें, त्यांना शिकविणें आणि त्यांच्यामागें उभें राहणें. आज ब्रिटन व आयर्लंड येथें या संस्थेच्या अनेक शाखा आहेत, त्या याच निर्णयाच्या बळावर.

या माणसांना येत तरी काय होतें? बहुधा हें, कीं त्यांना कांहीं येत नाहीं हें तीं जाणून होतीं. ज्याच्यापाशीं उत्तर तयार असतें, त्याला ऐकण्याचा धीर नसतो. दुसऱ्याचें वाक्य पुरें होण्याआधींच त्याचा उपदेश सुरू होतो. दुःखानें खचलेल्या मनाचें दृष्टिक्षेत्र आकुंचित होतें. चार वाटा असतांना त्याला एकच दिसते, आणि तीहि अंधाराकडे जाणारी. अशा मनाला युक्तिवादानें ओढून बाहेर काढतां येत नाहीं. पण ज्या विचारानें तें ग्रासलें आहे, तो दुसऱ्यापुढें बोलून दाखवितां आला, तर त्या विचाराची पकड पुष्कळदां सैल होते आणि निकराची घटका टळते. ‘तुमच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात काय?’ असें सरळ विचारल्यास नसती कल्पना डोक्यांत शिरेल, अशी भीति घरोघर आढळते. ती निराधार आहे, असें आतांपर्यंतच्या संशोधनावरून दिसतें. उलट, कोणीं तरी विचारलें याचाच बहुतेकांना आधार वाटतो.

एक नियम मात्र फार कडक होता. हांक देवळांत येत होती, टेलिफोन उचलणारीं पुष्कळ माणसें श्रद्धाळू होतीं. तरीहि टेलिफोनवर धर्मोपदेश करावयाचा नाहीं. बुडत्याला हात देतांना त्याच्याकडून श्रद्धेची कबुली घेणें हा सौदा झाला, सेवा नव्हे. पाद्र्यानेंच हा नियम घालावा, याचें कांहींना आश्चर्य वाटेल; परंतु ज्या दृष्टांतावरून संस्थेला नांव मिळालें, तो आठवला म्हणजे आश्चर्य उरत नाहीं. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूनें निघून जातो, लेवीहि जातो. थांबतो तो परक्या जातीचा शोमरोनी, आणि तो जखमी माणसाला त्याचा धर्म विचारीत नाहीं. येथपर्यंत दृष्टांत सर्वांच्या लक्षांत असतो. पुढचा भाग सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेंत नेतो, आणि दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या रक्षकाच्या हातीं दोन नाणीं देऊन, पुढची काळजी त्याच्यावर सोंपवून, परत येण्याचें वचन देऊन आपल्या वाटेनें जातो. म्हणजे त्यानेंहि सगळें एकट्यानें केलें नाहीं.

वॉलब्रुकचें देऊळ ज्याच्या नांवाचें, त्या स्तेफनाची गोष्टहि याच जातीची आहे. यरुशलेमांतील पहिल्या मंडळींत विधवांना रोजची शिधावांटणी नीट होत नाहीं, अशी कुरकुर उठली. बारा प्रेषितांना सर्वत्र पुरें पडणें शक्य नव्हतें. तेव्हां मंडळीनें सात माणसें निवडलीं, त्यांतला पहिला स्तेफन. याच स्तेफनाच्या नांवानें १९७५ मध्यें अमेरिकेंत सेंट लुई येथें केनेथ हॉक या ल्यूथरपंथी पाळकानें दुसरी एक व्यवस्था सुरू केली. हॉक हे मानसशास्त्राचेहि पंडित. त्यामुळें एकट्या पाळकाच्या अंगावर किती पडतें, हें त्यांना दोन्ही बाजूंनीं दिसत होतें. एकाच्या घरीं मृत्यु, दुसऱ्याचा संसार मोडलेला, तिसरा रुग्णालयांत. पाळक प्रत्येकाकडे एकदां जाऊन येतो, आणि शोक खरा सुरू होतो तो त्यानंतरच्या महिन्यांत, जेव्हां येणें-जाणें बंद होतें. हॉक यांनीं मंडळींतल्याच माणसांना सुमारें पन्नास तासांचें शिक्षण दिलें आणि एकेका दुःखिताला एकेक सोबती नेमून दिला. तो आठवड्यांतून एकदां तासभर जाऊन बसतो. पुरुषाकडे पुरुष, स्त्रीकडे स्त्री. महिन्यांतून दोनदां हे सोबती एकत्र जमतात आणि आपापल्या अडचणी, नांव न सांगतां, एकमेकांपुढें मांडतात.

नांव न सांगतां, हें शब्द वाटतात त्याहून महत्त्वाचे आहेत. मंडळी हा शब्द मराठींत मोठा आपुलकीचा आहे. चर्चच्या अनुयायांना मंडळी, आणि घरच्यांनाहि मंडळीच! पण जेथें आपुलकी तेथें कुजबूजहि असते. ‘अमक्यासाठीं प्रार्थना करा’ असें म्हणतां म्हणतां अमक्याचें सगळें घरगुती दुखणें उपासनेस जमलेल्या शंभर माणसांच्या कानीं जातें, आणि पुढच्या रविवारीं तो अमका उपासनेला येत नाहीं. ओझें वांटून घेणें निराळें आणि बातमी वांटणें निराळें. ज्याचें दुःख, त्याच्या परवानगीवांचून तें पाळकाच्या पत्नीलासुद्धां कळतां कामा नये, इतका कांटेकोरपणा येथें लागतो. जीवाला प्रत्यक्ष धोका दिसला तर काय करावयाचें, हें मात्र पहिल्या भेटींतच सांगून ठेवावें, म्हणजे पुढें विश्वासघाताचा आरोप येत नाहीं.

दुसरी मर्यादा वैद्यकाची. सोबत हें औषध नव्हे. ज्याला नसलेले आवाज ऐकूं येतात, जो आठवडेच्या आठवडे झोंपत नाहीं, ज्यानें अन्न टाकलें आहे किंवा ज्यानें जीव देण्याची तयारी चालविली आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यांत दिरंगाई करणें हा गुन्हा आहे. मग ती दिरंगाई प्रार्थनेच्या नांवाखालीं कां होईना. खिन्नतेचा विकार हा श्रद्धेच्या उणीवेचा पुरावा नव्हे, जसा मधुमेह नव्हे. अँटन बॉइझन या अमेरिकन धर्मोपदेशकाला हें स्वानुभवानें कळलें होतें. १९२० मध्यें त्याला स्वतःलाच वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. तो बरा होऊन बाहेर आला, १९२४ मध्यें वुस्टर येथील अशाच एका रुग्णालयाचा धर्मोपदेशक झाला, आणि पुढच्याच उन्हाळ्यांत धर्मशास्त्राच्या कांहीं विद्यार्थ्यांना त्यानें तेथें शिकावयास बोलाविलें. पुस्तकांबरोबर माणसेंहि वाचावयास शिकलें पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पाळकांना रुग्णशय्येपाशीं शिक्षण देण्याची जी पद्धति आज अनेक देशांत रूढ आहे, तिचा उगम तेथें आहे.

आपल्या देशांत वॉलब्रुकच्या धर्तीचें काम देवळांबाहेरच अधिक वाढलें. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनीं चेन्नई येथें १९८६ मध्यें ‘स्नेहा’ ही संस्था काढली. तेथेंहि टेलिफोन उचलतात ते शिक्षण घेतलेले साधे स्वयंसेवक. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र मानसिक ताणाखालीं असलेला मानून त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते आणि तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक घरांतल्या पंचांगाशेजारीं किंवा देवळाच्या सूचनाफलकावर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न ऐकणाऱ्यांचा. रात्रभर दुसऱ्यांचीं दुःखें ऐकून घेतलेला माणूस पहांटे घरीं जातो, तेव्हां त्यांतलें कांहीं तरी त्याच्याबरोबर जातेंच. घरीं तर बोलावयाचें नाहीं. यावर समॅरिटन्स या संस्थेनें जो उपाय योजला आहे तो साधा आहे. पाळी संपली, कीं स्वयंसेवकानें लगेच निघावयाचें नाहीं. प्रत्येक पाळीवर एक अनुभवी सहकारी नेमलेला असतो. कोणत्या हांका आल्या, कोणती मनाला लागली, कोठें आपलें चुकलें असें वाटतें, हें सगळें त्याला सांगावयाचें. तो ऐकून घेतो. त्यानंतर स्वयंसेवक घरीं जातो.