मांडी मोडली म्हणून माणूस मरतो?

कराडहून एका वाचकांनी विचारलंय, 'मांडीचं हाड मोडून माणूस दगावतो कसा? हाड तर बसवता येतं.' प्रश्न रास्त आहे. शिवाय मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या थॉमस स्प्लिंटवर लिहायला मला निमित्त हवंच होतं.

मांडीचे स्नायू भलते दांडगे. हाड मोडलं की त्यांना ताणून धरणारं काही उरत नाही. ते आखडतात, हाडाची टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो आणि मांडी फुगून गोल होते. आत लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त साचतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. गोळीच्या जखमेतून जातं ते वेगळंच. त्यात स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्याला टोकदार हाड मांसात रुततं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला असे ८० टक्के जखमी दगावत, असं ब्रिटिश सर्जन हेन्री ग्रे यांनी लिहून ठेवलंय. मला हा आकडा फुगवलेला वाटतो. त्या धुमाळीत नोंदी कोण ठेवणार? पण १९१७च्या अरासच्या लढाईतले त्यांचे हजारावर रुग्ण मोजलेले आहेत आणि त्यांतले १६ टक्क्यांहून कमी गेले. लवकर शस्त्रक्रिया, जखमेतलं मेलेलं मांस काढून टाकणं, हे सगळं त्यात आलं. तरी मोठा वाटा स्प्लिंटचा.

ती बनवणारा ह्यू ओवेन थॉमस १८९१ मध्येच वारला होता. घराणं पिढीजात हाडवैद्यांचं. बापाने मात्र पाचही मुलांना रीतसर डॉक्टरी शिकायला धाडलं. हा लिव्हरपूलमध्ये गोदी कामगारांची हाडं बसवायचा, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये लोहार आणि चामड्याचं काम करणारा माणूस ठेवायचा. स्प्लिंट केली होती गुडघ्याच्या क्षयासाठी. ती युद्धावर नेली त्याच्या बायकोच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्स यांनी.

रचना अगदी साधी. चामड्याने मढवलेलं कडं जांघेपर्यंत चढवायचं, म्हणजे ते बैठकीच्या हाडाला टेकतं. त्यापासून दोन लोखंडी सळ्या पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाऊन तळव्याच्या पलीकडे जुळतात. बूट काढायचा नाही, त्याच्यावरूनच पट्टी बांधून टोकाशी ओढायची आणि मधे काडी घालून पीळ द्यायचा. वर कडं रेटतं, खाली पट्टी खेचते. पाय लांब होतो, मांडीतली जागा आवळते, रक्तस्राव मंदावतो आणि टोकं जागची हलत नाहीत.

आघाडीवर स्ट्रेचरवाल्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून हे शिकवत, कारण रात्री दिवा लावला तर शत्रूला नेम मिळायचा. म्हणजे सर्जनच्या टेबलावरचं निम्मं काम चिखलात, अंधारात, डॉक्टर नसलेली माणसं उरकू लागली. माझ्या लेखी त्या युद्धातला हाडांच्या उपचारातला सगळ्यात मोठा शोध हाच. लोखंड तर चाळीसेक वर्षं लिव्हरपूलमध्ये पडूनच होतं.