सशाचा दगड

कोजागरीला छावणीतल्या गच्चीवरून चंद्रावर दिसणारा ससा म्हणजे गोठलेल्या लाव्हारसाची मैदाने. रिचोलीने १६५१ साली त्यांना ‘सागर’ अशी नावे दिली. पाणी मात्र तिथे नव्हतेच. प्रचंड आघातांनी पडलेल्या खोलगट भागांत, बहुतांशी ३ ते ४ अब्ज वर्षांपूर्वी, हा रस भरला. १९६९मध्ये ‘अपोलो ११’ने शांतिसागरातून आणलेले दगड बेसाल्टचे निघाले.

छावणीखालचा काळा पाषाणही बेसाल्टच. वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. वेरूळचे कैलास लेणे याच जातीच्या खडकात कोरलेले. इथे पावसाने तो खडक झिजवला, काळी माती झाली, कापूस पिकला. चंद्रावर पाऊस नाही. उल्कांच्या माऱ्याने तिथल्या दगडाची धूळ झाली. माती कधीच झाली नाही.