एक जलाशय, दोन वह्या: डिस्ट्रिब्यूटेड डेटाबेसमधली मोजणी आणि मर्यादा

कोयनानगरात डिस्ट्रिब्यूटेड डेटाबेसवर बोलायचं तर उदाहरणासाठी एटीएमपर्यंत जायची गरज नाही. विद्यापीठात हा विषय बहुतेकदा व्याख्यांनी सुरू होतो आणि परीक्षेत व्याख्यांनीच संपतो. आपण पाण्यापासून सुरुवात करू.

शिवसागर जलाशयाचं पाणी दोन दिशांना जातं. पूर्वेकडे सोडलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडे जातं. टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजनांची उन्हाळ्यातली भिस्त मोठ्या प्रमाणात त्यावर असते. पश्चिमेकडे वळवलेलं डोंगराच्या पोटातून वीजगृहांत उतरतं आणि शेवटी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. बच्छावत लवादाने या पश्चिमेच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात.

जलाशयातून पश्चिमेला पाणी घेणाऱ्या मुख्य वाटा दोन: पोफळीचा पहिला-दुसरा टप्पा, ६०० मेगावॉट, आणि चौथा टप्पा, १००० मेगावॉट. तिसरा टप्पा ३२० मेगावॉटचा आहे, पण तो कोळकेवाडीच्या तलावातून पाणी घेतो, आणि तिथे येतं ते मुख्यतः या दोन वाटांनी वापरून सोडलेलं पाणी. तिन्ही आकडे बेरजेत धरले तर तेच पाणी दोनदा मोजलं जाईल. विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते, आणि तिचा नेटवर्कशी काही संबंध नसतो.

आता शिकवण्यापुरती एक मांडणी करू. दोन्ही वाटांवर एकेक संगणक, दोघांकडे ‘आतापर्यंत एकूण किती पाणी गेलं’ याची प्रत. पोफळीने ०.१ टीएमसी घेतलं की ती दुसऱ्याला कळवते: ‘०.१ मिळवा.’ पोच आली नाही म्हणून निरोप पुन्हा पाठवला, आणि दोन्ही निरोप पोचले, तर दुसरीकडे ०.२ मिळवले जातात.

यावरचा उपाय वीजमीटर वाचणाऱ्याला विचारा. तो ‘या महिन्यात एवढं वाढलं’ असं लिहीत नाही, मीटरवरचा आकडा लिहितो. तसंच इथे करायचं. प्रत्येक वाटेचा वेगळा रकाना, त्यात १ जूनपासूनचा एकूण आकडा, आणि तो रकाना फक्त त्याच वाटेने वाढवायचा. दुसऱ्याकडून आकडा आला की आपल्याकडचा आणि आलेला यांतला मोठा ठेवायचा. निरोप दोनदा येवो, उशिरा येवो, उलट क्रमाने येवो, काही बिघडत नाही. दोन रकान्यांची बेरीज म्हणजे एकूण. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या नावाखाली ज्या रचना मांडल्या, त्यांतली ही सर्वांत साधी.

इथवर आलं की वर्गात समाधान पसरतं. पण प्रश्न मोजणीचा नव्हता, मर्यादेचा होता.

मे महिना आहे. कोट्यातलं १ टीएमसी उरलंय. वळवाच्या पावसात दोन संगणकांमधला दुवा तुटला. दोघांच्याही वहीत ‘१ शिल्लक’ असं आहे, आणि ते त्या क्षणी खरंही आहे. दोघांनी ०.७ घेतलं. दुवा जुळल्यावर दोन्ही वह्या बिनचूक जुळतील आणि सांगतील की ०.४ जास्त गेलं. आमचे विद्यार्थी ‘इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी’चा अर्थ ‘शेवटी सगळं ठीक होतं’ असा लिहितात. शेवटी वह्या जुळतात, एवढंच. बँक चुकीची नोंद उलटी फिरवते. दाभोळच्या खाडीत गेलेलं पाणी सांगलीच्या उसाला कसं परत देणार?

म्हणून दुवा चालू असतानाच वाटणी करायची. उरलेल्या १ टीएमसीपैकी ०.५ पोफळीचं, ०.५ चौथ्या टप्प्याचं. ज्याने त्याने आपल्या वाट्यातून न विचारता घ्यावं. पॅट्रिक ओ’नील यांनी १९८६ मध्ये ‘एस्क्रो’ नावाने जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे: वापरण्याआधी राखून ठेवा. वाटा दुसऱ्याला द्यायचा तर देणाऱ्याने आधी स्वतःच्या नावचा कमी करायचा, मग क्रमांक घातलेला निरोप पाठवायचा. निरोप वाटेत अडकला तर थोडं पाणी तात्पुरतं कुणाच्याच नावावर नसतं, पण मर्यादा मोडत नाही. क्रम उलटा केला तर तेच पाणी दोघांच्या नावावर लागतं.

याची किंमत मोजावी लागते. दुवा तुटलेला, पोफळीचा वाटा संपलेला, चौथ्या टप्प्याकडे ०.३ पडून: तरी पोफळीने थांबायचं, जलाशयात पाणी दिसत असलं तरी. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेलं कॅप प्रमेय हेच सांगतं: दुवा तुटल्यावर प्रत्येकाला उत्तरही द्यायचं आणि सगळ्यांचं उत्तर एकही ठेवायचं, हे जमत नाही. कोणतं सोडायचं हे संगणक ठरवत नाही. इथे ‘वीज थांबली तरी चालेल, कोटा मोडायचा नाही’ असं आम्ही आधी ठरवलं, म्हणून एस्क्रो निवडला. जलाशयाची पातळी फलकावर दाखवायची असती तर कालचा आकडाही चालला असता.

एका विद्यार्थिनीने विचारलं, तिसरा संगणक ठेवला तर? उपयोग होतो. तिघांतले दोघं एकमेकांशी बोलू शकत असतील तर त्यांचं बहुमत होतं आणि त्यांचं काम चालू राहतं. एकटा पडलेला मात्र स्वतःचा वाटा संपला की थांबतोच. बहुमत कसं घ्यायचं, आणि मत देऊन झाल्यावर एखादा संगणक बंद पडला तर काय, हे पुढच्या व्याख्यानात पाहू.