नौकेवरील द्रवरूप उद्जन : साठवण व उपयोग

जे इंधन उकळण्यापासून पूर्णपणे रोखता येत नाही, ते नौकेवर दीर्घकाळ कसे ठेवावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे मिळते. 2013 साली तेथे द्रवरूप नैसर्गिक वायू उतरविण्याचे केंद्र सुरू झाले. हा माल उणे 162 अंश सेंटिग्रेड तपमानास नौकांतून येतो. आवरण कितीही उत्तम असले तरी थोडी उष्णता आत शिरतेच, आणि मालाचा साधारणपणे हजारावा भाग दररोज वायुरूप होतो. मात्र जाताना तो उष्णताही घेऊन जातो. उरलेला द्रव थंड राहतो तो यामुळेच. म्हणून हा वायू वाया न दवडता नौकेच्या यंत्रांतच जाळण्याची प्रथा पडली.

उद्जनाच्या बाबतीत हे गणित कठीण होते. (‘उद्जन’ या नावात पाणी आहे खरे, परंतु स्वभावात ते मुळीच नाही.) त्याचा उत्कलनबिंदू उणे 253 अंश, त्या थंडीत हवादेखील गोठते. एक लिटर द्रव उद्जनाचे वजन अवघे 71 ग्रॅम भरते, आणि तो उकळविण्यास तेवढ्याच द्रव मिथेनच्या सुमारे एकसप्तमांश उष्णता पुरते.

याहून विलक्षण अडचण रेणूच्या अंतरंगातली आहे. उद्जनाच्या रेणूतील दोन केंद्रकांची परिवलने समदिश असल्यास तो ‘ऑर्थो’, विरुद्ध असल्यास ‘पॅरा’ होय. नेहमीच्या तपमानास तीनचतुर्थांश रेणू ऑर्थो असतात. उत्कलनबिंदूपाशी जवळजवळ सर्वच हळूहळू पॅरा होतात. या रूपांतरात दर किलोग्रॅममागे सुमारे 527 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, तर बाष्पीभवनास 446 पुरतात! घाईने थंड करून भरलेली टाकी अशा रीतीने बाहेरची उष्णता न शिरताही आपोआप उकळत राहते. म्हणून द्रवीकरण चालू असतानाच उत्प्रेरकाच्या साह्याने हे रूपांतर उरकून घ्यावे लागते.

2022 साली ‘सुइसो फ्रंटियर’ या जपानी नौकेने निर्वात आवरणाच्या, 1250 घनमीटरांच्या टाकीतून ऑस्ट्रेलियाहून कोबेस द्रव उद्जन नेला; तिची स्वतःची यंत्रे मात्र डिझेलवरच चालत होती. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी निराळी वाट धरली. 2021 साली जमिनीवर यशस्वी ठरलेल्या तिच्या इंधनघट-संचात उद्जन साठविला जात नाही, लागेल तसा तेथेच निर्माण केला जातो.