दिवाणखान्यातील जलचर : एंजलफिश आणि श्रावकाचे दायित्व

मृगसेन धीवराची कथा जैन घरांतील अनेकांनी पाठशाळेच्या वयातच ऐकलेली असते. जाळ्यात प्रथम येणारा मासा सोडून देण्याचा नियम त्याने मुनिराजांकडून घेतला. पहिला मासा मिळताच खुणेसाठी त्याला कापडाची चिंधी बांधून त्याने तो नदीत सोडला. पुढे दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात येत राहिला. पाच वेळा त्याला जीवदान देऊन मृगसेन रिकाम्या हातांनी घरी परतला. पुढील जन्मी व्यापारी कुळात आलेल्या या जीवावर ओढवलेली पाच प्राणसंकटे त्या पुण्याईने टळली, असे कथा सांगते.

या कथेतील एक तपशील सहसा नजरेतून निसटतो. मृगसेनाने मासा जेथून काढला, त्याच नदीत परत सोडला. आज दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत संथपणे विहरणाऱ्या एंजलफिशला मात्र परत जाण्यासाठी अशी नदी नाही. त्याच्या पालनाचा सारा विचार या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे.

टाकी घरात येण्याची निमित्ते बहुधा ठरलेली असतात. नातवाचा वाढदिवस असतो, नव्या घराचा प्रवेश असतो, किंवा पेढीवर लक्ष्मी स्थिर राहावी म्हणून कोणीतरी दिलेला सल्ला असतो. मत्स्ययुगल हे मंगलचिन्ह म्हणून परिचित आहे आणि दिगंबर परंपरेत मत्स्य हे अरनाथ तीर्थंकरांचे लांछन आहे. त्यामुळे माशाविषयी मनात मुळातच एक आपुलकी असते. परंतु मंगलचिन्ह निराळे आणि श्वास घेणारा पंचेंद्रिय जीव निराळा.

एंजलफिशचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. तेथील संथ पाण्यात, बुडालेल्या मुळांच्या व उंच पाणवनस्पतींच्या दाटीत तो राहतो. त्याचे दोन्ही बाजूंनी चपटे शरीर आणि त्यावरील उभे पट्टे हे त्या दाटीत लपण्याचेच साधन होय. आपल्याकडे दुकानांत मिळणारे एंजलफिश मात्र बहुतांशी भारतातच, चेन्नईजवळील कोळत्तूरसारख्या ठिकाणी हौदांत पैदा झालेले असतात. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नदी पाहिलेलीच नसते.

दुकानात तो रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो आणि तेथेच पहिली चूक होते. पूर्ण वाढलेला एंजलफिश सुमारे 15 सेंटिमीटर लांब होतो आणि वरखालच्या परांसह त्याची उंची 20 सेंटिमीटरच्याही पुढे जाते. नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांच्या आसपास जगतो. म्हणजे इयत्ता पहिलीतील मुलाच्या हट्टासाठी आणलेला मासा ते मूल शालान्त परीक्षेला बसेपर्यंत घरात असू शकतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : जीवास बांधून ठेवणे, मारहाण करणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. गुराढोरांच्या संदर्भात आपण ते सहज समजतो. मत्स्यटाकीसमोर उभे राहून ते पुन्हा आठवले, तर पालनाचे जवळजवळ सर्व नियम त्यांतच सापडतात.

प्रथम बंधन. टाकी कितीही मोठी असली तरी ते बंधनच, हे मान्य करावे. मात्र ते जाचक होऊ न देणे हाती असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते. ती एंजलफिशला अपुरी आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे 159 लिटर पाणी मावते. उंच शरीराच्या या माशाला ही उंचीच अधिक महत्त्वाची. अशा टाकीचे वजन दोन पोत्यांहून अधिक भरते, म्हणून तिची बैठक भक्कम हवी.

दुसरा विचार सोबत्यांचा. अनेक जातींचे मासे एकत्र ठेवण्याची हौस सर्वांनाच असते. एंजलफिश दिसतो शांत, पण त्याच्या तोंडात मावणारा मासा त्याच्या दृष्टीने भक्ष्यच असतो. इवलेसे निऑन टेट्रा पूर्ण वाढलेल्या एंजलफिशबरोबर ठेवले की एकेक करून नाहीसे होतात. उलट, टायगर बार्ब हे चपळ मासे एंजलफिशचे लांब पर कुरतडतात. हा छेद मालकाने स्वतः केलेला नसतो, परंतु ती संगत त्यानेच जुळवलेली असते. तळाशी वावरणारे कोरिडोरस किंवा आकाराने थोराड, सौम्य स्वभावाचे टेट्रा हे बरे शेजारी होत. अंगात सुईने रंग टोचलेले भडक मासेही बाजारात येतात. ते तर मुळीच घेऊ नयेत.

तिसरा विचार अतिभाराचा, आणि हा भार पाण्यावर पडतो. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जो त्यांना विषासमान आहे. फिल्टरच्या स्पंजात व तळाच्या खड्यांत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टाकी व मासे एकाच दिवशी आणणाऱ्या घरांत आठवड्याभरात मासे मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. पाणी आठवड्यास सुमारे पाव हिस्सा बदलावे; सगळे उपसून टाकी घासून काढू नये. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, म्हणजे ते सूक्ष्म जीवही वाचतात. वस्त्रगाळ केल्याने नळाच्या पाण्यातील क्लोरीन जात नाही. ते पाणी चोवीस तास उघडे ठेवावे किंवा क्लोरीननाशक द्रव वापरावा. पाण्याचे तापमान 24 ते 28 अंश राहावे, म्हणून नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच.

सर्वांत अवघड प्रश्न अन्नाचा. एंजलफिश हा मुख्यतः मांसाहारी मासा आहे. बाजारातील दाणेदार खाद्यांत बहुधा माशांची भुकटी असते आणि दुकानदार त्यासोबत जिवंत किंवा वाळवलेल्या अळ्याही सुचवतो. स्पिरुलिनायुक्त खाद्य पूरक म्हणून चालते, पण केवळ त्यावर या माशाचे पोषण नीट होत नाही. त्याला सक्तीने शाकाहारी करणे म्हणजे दयेच्या नावाखाली अन्ननिरोधच. ज्या घरास हे खाद्य उंबऱ्याआत नको आहे, त्या घराने एंजलफिश आणूच नये. तो नकार अधिक प्रामाणिक ठरेल. यात्रेला जाताना मात्र चिंता नको : निरोगी, मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो, शेजाऱ्याने प्रेमापोटी टाकलेले जादा खाद्यच अधिक घातक ठरते.

या माशाचे एक रूप पाहण्याजोगे आहे. जोडी जमली की ती रुंद पानावर किंवा उभ्या काचेवर अंडी घालते आणि दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालीत पहारा देतात. जवळ येणाऱ्या मोठ्या माशालाही ती हुसकावून लावतात. आपल्या पिलांसाठी जिवाची तमा न बाळगणारा हा जीव शोभेची वस्तू नव्हे, हे मुलांना सांगण्यास याहून चांगला पाठ नाही.

अखेरचा मुद्दा त्या नदीचा. टाकी आवरायची वेळ आली की काही कुटुंबे जीवदया समजून मासे जवळच्या तलावात सोडतात. हौदात वाढलेला एंजलफिश तेथे थंडीने, उपासमारीने किंवा पक्ष्यांच्या चोचीने मरण्याचीच शक्यता अधिक. जे परके मासे तगतात, ते तेथील जलचरांच्या मुळावर उठतात. टाकीची काच साफ करण्यासाठी विकला जाणारा, दक्षिण अमेरिकेतलाच ‘सकर’ मासा आज केरळ, तमिळनाडू व बंगालमधील पाणथळींत पसरला आहे. एका जीवास सोडल्याचे पुण्य नावे मांडताना अनेक जीवांची हानी दुसऱ्या बाजूस जमा होते. अशा वेळी मासे दुकानदारास परत द्यावेत किंवा मोठी टाकी असलेल्या जाणत्या पालकाकडे सोपवावेत. आणि दुकानदार परत घेईल का, हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे.

मृगसेनाला नियम पाळण्यासाठी एक दिवस उपाशी राहावे लागले. एंजलफिश घरी आणणाऱ्याचा नियम दहा वर्षांचा आहे. ज्या घरात ही टाकी आधीच आहे, तेथे अभयदानाचा अर्थ मासा सोडणे हा नसून, त्याला अखेरपर्यंत नीट सांभाळणे हा आहे. आणि ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी दुकानातून रिकाम्या हातांनी परतावे. मृगसेनही तसाच परतला होता.