सरोवरकाठचे नगर आणि चक्रीवादळ

चक्रीवादळाचा धोका समुद्रकिनाऱ्यापुरताच असतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९२८ साली त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. बंगालच्या उपसागरात ज्याला चक्रीवादळ म्हणतात, तेच अटलांटिक महासागरात 'हरिकेन' या नावाने ओळखले जाते. १६ सप्टेंबर १९२८ रोजी असे एक वादळ वेस्ट पाम बीचजवळ किनाऱ्यावर आदळले. सर्वाधिक मनुष्यहानी मात्र तेथे नव्हे, तर सुमारे ६५ किलोमीटर आत, ओकीचोबी सरोवराच्या दक्षिण काठावरील बेल ग्लेडसारख्या वस्त्यांत झाली.

या सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम तीन मीटर आहे. खोल सरोवरात वाऱ्याने पुढे ढकललेले पाणी तळाकडून मागे परतते. उथळ सरोवरात त्याला तशी वाट मिळत नाही आणि ते एका काठावर चढत जाते. उत्तरेकडील वाऱ्याने दक्षिणेचा कमी उंचीचा मातीचा बांध फोडला. वादळाचा केंद्रबिंदू सरकल्यावर वारा उलटला आणि उत्तर काठही बुडाला.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. दिवसा अनेक कुटुंबे सुरक्षित जागी गेली होती. परंतु अपेक्षित वेळी वादळ आले नाही, म्हणून त्यांतील बरीच घरी परतली. वादळ रात्री आले. किमान २,५०० माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्थलांतरित शेतमजूर होते.

त्यानंतर १९३० च्या दशकात संघराज्य शासनाने सरोवराभोवती हर्बर्ट हूवर बंधारा उभारण्यास प्रारंभ केला. आज त्याची लांबी सुमारे २३० किलोमीटर आहे. मातीच्या बंधाऱ्यातून पाणी झिरपते आणि आतील माती वाहून नेते. त्यामुळे करावी लागलेली दीर्घकालीन दुरुस्ती २०२३ मध्ये पूर्ण झाली. पावसाळ्यापूर्वी पाणीपातळी खाली ठेवणे बंधाऱ्याच्या हिताचे, तर कोरड्या हंगामासाठी साठा हवा असणाऱ्या ऊसउत्पादकांना ते गैरसोयीचे. हा वाद जुनाच आहे.

आता वादळाचा इशारा साधारणतः ३६ तास आधी दिला जातो. तेवढ्या अवधीत स्वतःचे वाहन नसलेल्या मजुरांना आणि वृद्धांना बाहेर काढणे, हे स्थानिक प्रशासनाचे सर्वांत अवघड काम होय. वादळ सरल्यावरही बंधाऱ्यावरील पहारा उठत नाही, कारण उत्तरेकडील किसिमी नदीचे पाणी अनेक आठवडे सरोवरात येत राहते. २०१७ मध्ये 'इर्मा' सप्टेंबरात येऊन गेले. सरोवराने त्या वर्षीची सर्वोच्च पातळी गाठली ती ऑक्टोबरात.